ज्यूदोसाठी बलसंवर्धन (बेळगाव सीमाभाग)

स्पर्धात्मक ज्यूदोसाठी पकड, ओढ, कंबर व मान यांची ताकद वाढवणारी व्यायामपद्धती. कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात आणि लगतच्या हल्याळ परिसरात कुस्तीची तालीम आधीपासून रुजलेली असल्याने येथे या पद्धतीचा विचार तालमीतील मेहनत वगळून करता येत नाही.

या भागातील मल्लांच्या व्यायामाचा जुना तपशीलवार लेखी आधार म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा मानसोल्लास (सु. ११३१). त्यातील मल्लविनोद या प्रकरणात मल्लांचे ज्येष्ठिक, अंतरज्येष्ठिक, गोवल इ. वर्ग आणि भारश्रम (वजन पेलणे), भ्रमणश्रम (चालणे), सलिलश्रम (पोहणे), बाहूंच्या रेटारेटीचा श्रम व स्तंभश्रम असे व्यायाम येतात. पैकी स्तंभश्रम हाच आजच्या मल्लखांबाचा पूर्वज, असे एक मत आहे. दुसरे मत मल्लखांबाचे श्रेय दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांना देते. मानसोल्लासातील वर्णनावरून खांबाला भिडून अंग कमावण्याची कल्पना जुनी ठरते. मात्र आसने, उड्या व पकडी यांची आजची मांडणी तेथे आढळत नाही. त्यामुळे व्यायाम जुना आणि त्याचे शास्त्र एकोणिसाव्या शतकातले, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मल्लखांबाच्या उगमाची ही चर्चा येथे अप्रस्तुत नाही. जोर, बैठका, सपाटे यांत रेटण्याची व उठण्याची ताकद येते. ओढण्याची ताकद तालमीत मुख्यतः दोर चढणे व मल्लखांब यांतून येते, आणि ज्यूदोला नेमकी तीच लागते.

ज्यूदोची स्थापना कानो जिगोरो यांनी १८८२ मध्ये तोक्यो येथे केली. तंत्र चोख असेल तर वेगळ्या बलसाधनेची गरज नाही, असा विचार तेथे दीर्घकाळ प्रबळ होता. किमुरा मासाहिको यांच्यासारखे झाडाला पट्टा बांधून डावांची आवर्तने करणारे खेळाडू त्याला अपवाद होत. डच खेळाडू आंतोन खेसिंक यांनी १९६१ चे जागतिक व १९६४ चे ऑलिंपिक खुल्या गटाचे विजेतेपद मिळवल्यावर वजन-प्रशिक्षणाकडे पाहण्याची दृष्टी बदलली, असे सामान्यतः मानले जाते.

प्रौढांची लढत चार मिनिटांची असते. बरोबरी झाल्यास गोल्डन स्कोअरला (निकाल लागेपर्यंतची जादा लढत) वेळेची मर्यादा नाही. साधारण वीस-तीस सेकंदांची झटापट आणि दहाएक सेकंदांची उसंत, असे चक्र चालते. म्हणून एकदाच जोराने मूठ आवळण्यापेक्षा ती पुन्हा पुन्हा आवळून टिकवण्याची क्षमता निर्णायक ठरते. जुना ज्यूदो-अंगरखा आडव्या बारवरून टाकून त्याच्या गळपट्ट्या धरून हनुवटी बारपर्यंत नेणे हा यासाठीचा रूढ व्यायाम. भार करंगळी व तिच्या शेजारच्या दोन बोटांवर ठेवतात. तर्जनी व अंगठा सैल राहतो. सुरुवातीला बाहूंआधी बोटेच सुटतात. जोडीला स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून ताठ उभे राहणे), क्लीन (बार झटक्यात खांद्यांपर्यंत नेणे) व वाकून बार ओढणे हे प्रकार असतात. कमाल ताकदीसाठी एका वेळच्या कमाल वजनाच्या सुमारे ८५ टक्के भाराने तीन ते पाच आवर्तने करतात. हे काम स्पर्धांआधीच्या काळात आठवड्यातून तीनदा व स्पर्धांच्या हंगामात एक-दोनदा पुरते. रांदोरीने (मोकळी सराव-लढत) थकवलेल्या अंगावर जड वजने लादू नयेत.

तालमीतून आलेल्या मुलाची मान, मांड्या व दम तयार असतो. जोडी व करेला (लाकडी मुद्गलांचे प्रकार) फिरवून खांदे मोकळे झालेले असतात. ग्रामीण भागात गोटी (जड गोल दगड) उचलण्याची चाल आहे. कन्नड मुलखात तिला संग्राणी कल्लू म्हणतात. गुळगुळीत गोटी छातीशी कवळून उठताना कंबर व बाहू एकदम कामाला लागतात, आणि या बाबतीत ती लोखंडी बारपेक्षा उजवी म्हणावी लागेल. अडचण सवयीची असते. पट काढायला (प्रतिस्पर्ध्याचे पाय धरून पाडायला) वाकणे कुस्तीत अंगवळणी पडलेले, तर ज्यूदोत उभ्या लढतीत हाताने पाय धरण्यावर २०१० मध्ये निर्बंध आले व २०१३ पासून पूर्ण बंदी झाली. लंगोटावरच्या कुस्तीत कापडाची पकडही नाही. एवढी ताकद असूनही असा मल्ल बाहीच्या पकडीत अडकतो. त्याच्या बैठकांची संख्या वाढवत राहण्यापेक्षा दोर व अंगरख्याची ओढ वाढवणे श्रेयस्कर.

बेळगावात राज्य शासनाच्या क्रीडा विभागाचे ज्यूदो प्रशिक्षण केंद्र आहे. बेळगाव तालुक्यातील तुरमुरीच्या मलप्रभा जाधव या ज्यूदोपटूने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक मिळवले. कुराशमध्येही अंगरख्याची पकड असते, पण जमिनीवरची झुंज नसते.

वजनगटांमुळे (पुरुष ६० ते १०० किलो व त्यावर, महिला ४८ ते ७८ किलो व त्यावर) ताकद शरीराच्या वजनाच्या प्रमाणात मोजावी लागते. बदाम-थंडाईचा तालमीतला खुराक त्यामुळे मोजूनमापूनच घ्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत आदल्या दिवशी वजन घेतात व दुसऱ्या सकाळी काही खेळाडूंची पुनर्तपासणी होते. गटमर्यादेपेक्षा पाच टक्क्यांहून अधिक भरल्यास खेळता येत नाही.