एकाच पिस्तुलाचे दोन रिपोर्ट: पानसरे-कलबुर्गी तपासाची पार्श्वभूमी

पुणे, कोल्हापूर, धारवाड, बंगळूर. ही नावं ओळीनं घेतली की आमच्याकडचं शाळकरी पोरगंसुद्धा सांगतंय, हा आपला हायवे, पूर्वीचा एनएच-४. याच रस्त्यावरच्या चार गावांत २० ऑगस्ट २०१३ ते ५ सप्टेंबर २०१७ या चार वर्षांत चार माणसं गोळ्या घालून मारली गेली आणि आमचं बेळगाव या चौघांच्या बरोबर मधे. वर कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, खाली धारवाड त्याहून जवळ. पुण्यात नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात गोविंद पानसरे, धारवाडला एम. एम. कलबुर्गी, बंगळूरला गौरी लंकेश. चौघं काय लिहीत-बोलत होते हे परत सांगत बसत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. मला बोलायचंय ते तपासाबद्दल, त्यातही कोगनोळीच्या नाक्याला, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटकच्या हद्दीवर, तो जिथं जिथं अडला त्याबद्दल.

पुण्याचं थोडक्यात. दाभोलकरांना सकाळी फिरायला गेल्यावर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर मारलं. आधी स्थानिक पोलीस, मग २०१४ मध्ये हायकोर्टाच्या आदेशानं केंद्रीय यंत्रणा, म्हणजे सीबीआय. सुरुवातीला शस्त्रांची विक्री करणारे दोघं पकडले, त्यांच्याकडचं पिस्तूल या खुनाशी जुळतं असं सांगितलं, पुढं त्यांच्यावर दोषारोपपत्रच आलं नाही आणि ते सुटले. यात किती महिने गेले याचा हिशेब कुणी दिला नाही. ज्या महिन्यांत माग ताजा असतो, साक्षीदाराला चेहरा आठवत असतो, नेमके तेच महिने वाया गेले.

१६ फेब्रुवारी २०१५, सोमवार. मी निपाणी स्टँडसमोर चहाच्या गाड्यावर उभा होतो, शेजारच्या माणसाचा फोन वाजला आणि त्यानं ग्लास तसाच खाली ठेवला. "कोल्हापुरात अण्णांना गोळ्या घातल्या." कुठले अण्णा हे विचारावं लागलं नाही. पानसरे आणि त्यांच्या पत्नी फिरून घरी परतत होते, दारापाशी आले होते. चार दिवसांनी, २० तारखेला, मुंबईत ते गेले. ८१ वर्षांचा माणूस. त्या दिवसांत कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनातनं काय झालं का अशी चर्चा चालली, प्रत्येक वेळी आधी असंच होतंय, माणसाच्या विचारांकडं बघायच्या आधी त्याचं कुणाशी भांडण होतं ते शोधायला लागतात. धारवाडलापण तेच झालं. ३० ऑगस्ट २०१५ ला, रविवारी सकाळी, कल्याणनगरच्या घराचं दार वाजवून कलबुर्गींना कपाळावर गोळ्या घातल्या आणि पुढं कितीतरी दिवस घरगुती वाद, विद्यापीठातली भांडणं, लिंगायत-वीरशैव वाद अशा वाटा चाचपल्या गेल्या.

इथं आपली, म्हणजे सीमाभागातल्या मराठी माणसांची, एक चूक सांगतो. पानसरे गेले तेव्हा आमच्या गल्लीत बोर्ड लागले, कलबुर्गी गेले तेव्हा नाही लागले. बसवण्णांच्या परंपरेतल्या कन्नड वचन साहित्याचा एवढा मोठा अभ्यासक, हंपीच्या कन्नड विद्यापीठाचा माजी कुलगुरू, पण "तो कन्नडवाल्यांचा विषय" म्हणून आपण पान उलटलं. सीमावादाची एवढी सवय झालीय की तासाभराच्या अंतरावर झालेला खूनसुद्धा आपल्याला परराज्यातला वाटला. आणि पोलिसांनीही तसंच केलं, म्हणून हे लिहितोय.

आता मुख्य गोष्ट, पिस्तुलाचा रिपोर्ट. घटनास्थळी पोलिसांना मिळतात त्या पुंगळ्या, म्हणजे गोळीचं रिकामं कवच. पिस्तुलाची पिन पुंगळीच्या बुडावर आपटती तिथं बारीक खूण उठती, नळीतनं जाताना गोळीवर ओरखडे पडतात आणि दोन पिस्तुलांचे ओरखडे सारखे नसतात. दोन ठिकाणच्या पुंगळ्या शेजारी शेजारी मायक्रोस्कोपखाली ठेवल्या की हत्यार एक का दोन ते कळतंय, निदान कळायला पाहिजे. बंगळूरच्या लॅबनं ते केलं आणि सांगितलं की पानसरेंवर ७.६५ एमएमची दोन देशी पिस्तुलं चालली, त्यातलं एक पुण्याला वापरलं होतं, दुसरं पुढं धारवाडला वापरलं गेलं. म्हणजे तीन खून, तीन तपास, दोन राज्यं, पण धागा एक, आणि तो धागा कोल्हापुरात गाठ मारल्यासारखा.

एवढं कळल्यावर सगळ्यांनी एका टेबलावर बसायला पाहिजे होतं की नाही? पण मुंबईच्या कलिना लॅबचं मत वेगळं आलं. केंद्रीय यंत्रणेनं हायकोर्टात सांगितलं की दोन रिपोर्ट एकमेकांशी जुळत नाहीत, तिसरं मत पाहिजे, म्हणून नमुने लंडनला स्कॉटलंड यार्डकडं पाठवतो. नमुने अडकलेत म्हणून इकडं कोल्हापूरच्या कोर्टात आरोप निश्चिती थांबली. आणि मग तिकडनं उत्तर आलं की दोन देशांत तसा करार नाही, आम्ही तपासून देऊ शकत नाही. मग गुजरातची लॅब. हा सगळा खेळ २०१६ सालचा. मला कायद्यातलं फार कळत नाही, तिसरं मत मागणं चूक असंही मी म्हणत नाही, पण करार आहे की नाही हे नमुने बांधायच्या आधी विचारता येत नव्हतं का? हा निर्णय मला आजही पटलेला नाही. लंडनच्या नावानं जो वेळ गेला त्यात पिस्तुलं शाबूत होती, माणसं मोकळी होती, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये बंगळूरला गौरी लंकेश यांना त्यांच्या घराच्या दारात मारलं. कर्नाटकच्या लॅबनं सांगितलं, धारवाडचंच पिस्तूल.

हद्दीवर राहणाऱ्याला यातलं दुखणं लगेच कळतंय. माझ्या आत्तेचं सासर कागलकडं, आमची जमीन खानापूर तालुक्यात. वारसा लावायला कन्नड उतारा, त्याचं मराठी भाषांतर, त्यावर शिक्का, मग तो शिक्का चालत नाही म्हणून परत दुसरा, दीड वर्ष गेलं. तीन एकराच्या कागदाचं हे, तर खुनाच्या फाइलचं काय होत असंल? मारेकरी मोटरसायकलवरनं आले आणि गेले, त्यांना भाषा आडवी आली नाही, राज्य आडवं आलं नाही.

गौरी लंकेश यांच्या खुनासाठी नेमलेल्या बंगळूरच्या एसआयटीनं, म्हणजे विशेष तपास पथकानं, मात्र काम केलं, हे म्हणायलाच पाहिजे. २०१८ मध्ये पहिली अटक, मग सांकेतिक नावं आणि टार्गेटची यादी असलेली डायरी, आणि त्या धाग्यावरनं पुढं महाराष्ट्रात नालासोपाऱ्याला स्फोटकं सापडली तिथपर्यंत. त्याच तपासात आमचा भाग आला. गोळ्या चालवायचा सराव बेळगाव जिल्ह्यात, खानापूर-जांबोटीकडच्या जंगलात झाला असं एसआयटीचं म्हणणं, आणि आरोपींत एक शहरातलाच. जांबोटीचा रस्ता आम्ही पावसाळ्यात धबधबे बघायला जातो तो. बातमी आली त्या दिवशी घरात कुणी काही बोललं नाही, आईनं फक्त पेपर घडी करून ठेवला.

पुण्याच्या खटल्याला त्यातनंच वळण मिळालं. २०१६ च्या दोषारोपपत्रात फरार असलेले दोघं गोळ्या झाडणारे होते, २०१८ मध्ये केंद्रीय यंत्रणेनं दुसरेच दोघं पकडले आणि हेच ते म्हणाली. पिस्तूल मोडून खाडीत टाकलं म्हणून परदेशी पाणबुडे आणून ठाण्याची खाडी शोधली. १० मे २०२४ ला निकाल लागला, पावणेअकरा वर्षांनी. नंतर पकडलेल्या त्या दोघांना जन्मठेप, तिघं सुटले. शिक्षा टिकली ती साध्या माणसाच्या साक्षीवर, त्यात एक महानगरपालिकेचा सफाई कामगार, ज्यानं त्या सकाळी पुलाजवळ जे बघितलं ते कोर्टात उभं राहून सांगितलं. सूत्रधारापर्यंत पोचता आलं नाही यावरनं कोर्टानं तपासावर कडक शब्द लिहिलेत.

धारवाडचा तपास कलबुर्गींच्या पत्नी सुप्रीम कोर्टात गेल्या म्हणून हलला. फेब्रुवारी २०१९ मध्ये तो बंगळूरच्याच एसआयटीकडं गेला आणि त्याच ऑगस्टमध्ये दोषारोपपत्र आलं. साडेतीन वर्षं जे झालं नव्हतं ते सहा महिन्यांत.

कोल्हापूरचा तपास २०२२ मध्ये आणखी एका यंत्रणेकडं, महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाकडं गेला, आरोप निश्चित व्हायला २०२३ उजाडलं. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टानं तपासावरची देखरेख थांबवली आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन दिला, कारण खटला न संपता माणसाला किती वर्षं आत ठेवणार. कोर्टाचं ते बरोबरच आहे. पण ती वर्षं कुणी घालवली, तर ज्यांच्या हातात २०१५ मध्ये पुंगळ्या होत्या त्यांनी.