कार्कासॉन

कार्कासॉन : फ्रान्सच्या दक्षिणेकडील ऑक्सितानी प्रदेशातील ऐतिहासिक नगर व ओद जिल्ह्याचे मुख्य ठाणे. तुलूझहून भूमध्य समुद्राकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गावर, ओद नदीच्या काठी ते वसले आहे. उत्तरेस काळा पर्वत म्हणून ओळखली जाणारी डोंगररांग आणि दक्षिणेस कोर्बिएरचे डोंगर यांच्यामधली ही खिंडीसारखी पट्टी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हाती समुद्र आणि अटलांटिककडील प्रदेश यांमधील वाहतूक, असे हे मोक्याचे स्थान आहे. नगराचे दोन स्पष्ट भाग पडतात : नदीच्या उजव्या तीरावरील टेकडीवर दुहेरी तटबंदीने वेढलेली ‘सिते’ अर्थात जुनी नगरी आणि डाव्या तीरावरील सपाटीवर तेराव्या शतकात वसवलेले खालचे शहर. आजचे बहुतेक रहिवासी खालच्या शहरात व त्याच्या विस्तारात राहतात. तटाच्या आत मोजकीच वस्ती उरली आहे.

टेकडीवरील वस्ती इ. स. पू. सहाव्या शतकाइतकी जुनी आहे. रोमन साम्राज्याच्या उत्तरकाळात तिच्याभोवती तट उभारला गेला व त्याचे मोठे भाग अद्याप उभे आहेत. पाचव्या शतकात हे ठाणे व्हिसिगॉथ या जर्मानिक लोकांकडे आणि आठव्या शतकाच्या पूर्वार्धात स्पेनमधून आलेल्या मुस्लिम सैन्याकडे गेले; पेपिन या फ्रँकिश राजाने ७५९ च्या सुमारास हा प्रदेश जिंकला. नगराच्या नावाची लोकप्रिय दंतकथा मुस्लिम अमलाशी जोडलेली आहे. पेपिनचा मुलगा शार्लमेन याने पाच वर्षे वेढा घातला असता, धान्य संपत आलेल्या नगरीतील कार्कास नावाच्या राणीने उरलेला गहू एका डुकराला भरवून ते तटावरून खाली फेकले. डुकरांनाही गहू चारण्याइतका साठा आत आहे, असे समजून वेढा उठला, आणि राणीने आनंदाने घंटा वाजवल्या म्हणून ‘कार्कास सॉन’, म्हणजे ‘कार्कास घंटा वाजवते’. रोमन काळातच हे स्थान ‘कार्कासो’ म्हणून ओळखले जात असल्याने या व्युत्पत्तीला आधार नाही. तरीही नार्बोन दरवाजापाशी बसवलेल्या कार्कासच्या अर्धपुतळ्याच्या प्रतिकृतीपुढे थांबल्याशिवाय प्रवासी सहसा आत जात नाहीत.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून येथे त्राँकाव्हेल घराण्याची सत्ता होती. पश्चिमेकडील रोमन तटाला पाठ लावून या घराण्याने बाराव्या शतकात आपला गढीवजा वाडा बांधला. याच काळात या प्रदेशात कॅथर पंथ फोफावला. भौतिक जग हे दुष्ट शक्तीची निर्मिती आहे असे मानणारा हा पंथ चर्चचे वैभव आणि संस्कार दोन्ही नाकारत असे. १२०८ मध्ये पोपच्या प्रतिनिधीचा खून झाल्यावर पोप इनोसंट तिसरा याने या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. जुलै १२०९ मध्ये बेझिए शहरात भीषण कत्तल करून ते सैन्य ऑगस्टच्या आरंभी कार्कासॉनपाशी आले. आसऱ्याला आलेल्या लोकांनी नगरी भरलेली होती, ऐन उन्हाळा होता आणि पाणी तुटले. वाटाघाटीसाठी गेलेला तरुण सरदार रेमाँ-रोजे त्राँकाव्हेल याला अटक झाली, आणि पंधरवड्यात नगरी शरण आली. रहिवाशांचे प्राण वाचले. मात्र अंगावरच्या कपड्यांनिशी, सर्वस्व मागे टाकून त्यांना बाहेर पडावे लागले. रेमाँ-रोजे त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कैदेत मरण पावला. त्याच्या जागी आलेला धर्मयुद्धाचा सेनानी सिमाँ द माँफोर हा १२१८ मध्ये तुलूझच्या वेढ्यात ठार झाल्यावर प्रथम येथीलच सँ-नाझेर चर्चमध्ये पुरला गेला होता.

१२२६ पासून नगरी फ्रान्सच्या राजाकडे आली. पदच्युत घराण्याच्या वारसाने १२४० मध्ये ती परत घेण्याचा केलेला प्रयत्न फसला आणि त्याचा भुर्दंड तटाबाहेरच्या लोकांना बसला : त्यांच्या वस्त्या पाडल्या गेल्या व पुढे त्यांना नदीपलीकडे नवे गाव वसवण्याची परवानगी मिळाली. काटकोनात छेदणारे सरळ रस्ते आणि मध्यभागी चौक अशा आखणीचे खालचे शहर अशा रीतीने विस्थापितांतून जन्माला आले.

फ्रान्सचा राजा नववा लुई याने जुन्या तटाबाहेर दुसरा तट बांधला आणि त्याचा मुलगा तिसरा फिलिप याने आतला तट मजबूत करून नार्बोन दरवाजा उभारला. दोन्ही तटांची मिळून लांबी सुमारे ३ किमी. असून त्यांवर ५२ बुरूज आहेत. रचनेमागचा विचार बारकाईने पाहण्याजोगा आहे. आतला तट बाहेरच्यापेक्षा उंच असल्याने आतील तिरंदाजांना बाहेरच्या तटाच्या डोक्यावरून पलीकडे मारा करता येई, आणि बाहेरचे अनेक बुरूज पाठीमागून उघडे ठेवलेले असल्याने ते शत्रूच्या हाती पडले तरी त्याला तेथे आडोसा मिळत नसे. दोन तटांमधील मोकळ्या पट्ट्यातून चालत गेल्यास बांधकामाचे कालखंड डोळ्यांनी वेगळे करता येतात : लहान दगडांच्या थरांमधून विटांचे तांबडे पट्टे दिसले की रोमन काम, आणि दर्शनी बाजू मुद्दाम फुगीर ठेवलेले मोठे चिरे दिसले की फिलिपच्या काळातले. कार्कासॉनचे खरे आकर्षण हेच आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१३५५ मध्ये ‘ब्लॅक प्रिन्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंग्लंडच्या राजपुत्र एडवर्डने खालचे शहर जाळले, पण वरच्या किल्ल्याच्या वाटेला तो गेला नाही. १६५९ च्या पिरेनीज तहाने स्पेनची सीमा दूर दक्षिणेस सरकली आणि किल्ल्याचे महत्त्व ओसरले. खालचे शहर लोकरी कापडावर समृद्ध झाले; वरच्या नगरीत गरीब विणकरांनी दोन तटांमधील जागेत तटाला टेकून घरे बांधली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तट पाडून टाकण्याचे घाटत असता स्थानिक इतिहासकार क्रो-मेरव्हिएय आणि ऐतिहासिक वास्तूंचे निरीक्षक प्रॉस्पेर मेरिमे यांनी विरोध केला. १८५३ पासून वास्तुविशारद व्हिऑले-ल-द्यूक याने जीर्णोद्धार हाती घेतला व त्याच्या मृत्यूनंतरही (१८७९) तो चालू राहिला. बुरुजांवर त्याने उत्तर फ्रान्सच्या धर्तीची, पाटीच्या दगडाची शंकाकृती छपरे चढवली. दक्षिणेत बसक्या, कौलारू छपरांची रीत असल्याने या छपरांवर आजही टीका होते व ती रास्त आहे. काही रोमन बुरुजांवर विसाव्या शतकात लाल कौले घालण्यात आली. मात्र त्याने हात घातला नसता तर या तटाचे दगड इतर बांधकामांत विखुरले असते, हेही तितकेच खरे. या कामासाठी विणकरांची घरे हटवण्यात आली. १९९७ मध्ये यूनेस्कोने या तटबंद नगरीचा जागतिक वारशात समावेश केला.

सँ-नाझेर चर्चच्या बांधकामाचे दगड पोप अर्बन दुसरा याने १०९६ मध्ये आशीर्वादित केले. त्याचा पुढचा भाग रोमनेस्क शैलीचा, जाड व अंधारा. गाभाऱ्याकडील भाग गॉथिक, आणि तेथील तेराव्या-चौदाव्या शतकांतील रंगीत काचांतून येणारा प्रकाश दुपारी पाहावा असा असतो. वेढ्याचे दृश्य कोरलेली एक शिळाही येथे आहे. नगरीत प्रवेश विनामूल्य असून वाडा व तटावरील फेरीसाठी तिकीट लागते. खालच्या शहराला चौदाव्या शतकातील जुना पूल वरच्या नगरीशी जोडतो. तुलूझला समुद्राशी जोडणारा मिदी कालवा सतराव्या शतकात प्रथम शहराला बगल देऊन गेला होता. १८१० मध्ये तो शहरातून वळवण्यात आला. पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांत मांस घालून मंद आचेवर शिजवलेले ‘कासुले’ हे या भागातील प्रसिद्ध अन्न आहे. १४ जुलै या फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनाच्या रात्री तटावरून आतषबाजी होते. १८९८ पासूनच्या या परंपरेत सारा किल्ला पेटल्यासारखा उजळतो, आणि तो पाहण्यासाठी खालच्या शहरातील लोक नदीकाठी जमतात.