बालवयातील हृदयविकाराचा धोका : प्रदूषित हवा आणि आनुवंशिकता

हृदयविकाराचा झटका बहुधा उतारवयात येतो. पण त्यामागचे धमनीकाठिण्य, म्हणजे धमन्यांच्या भिंतीत चरबी साचून त्या जाड व कडक होणे, बालपणापासूनच सुरू झालेले असते. कोरियन युद्धात मरण पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय होते २२, आणि तरीही ७७ टक्के जणांच्या हृदयधमन्यांत विकाराच्या खुणा सापडल्या. धडधाकट ठरवून आघाडीवर पाठवलेली ही पोरे होती. अशी सुरुवात कोणाच्या शरीरात लवकर होईल, यात आहार, वजन आणि तंबाखूचा धूर यांच्या जोडीला बाहेरची हवा आणि रक्तातून आलेला वारसा यांचाही वाटा असतो.

हवेतला मुख्य गुन्हेगार म्हणजे पीएम २.५ हे सूक्ष्म कण. त्यांचा व्यास २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी असतो. माणसाचा केस याच्या वीस-तीस पट जाड. वाहने, कोळसा, जळणारे लाकूड आणि वणवे यांतून ते हवेत मिसळतात. नाकातले केस आणि श्वासनलिकेतला चिकट स्राव त्यांना अडवू शकत नाहीत, त्यामुळे ते थेट फुफ्फुसातील वायुकोशांत पोचतात. तिथे दाह सुरू होतो, त्याची रसायने रक्तात उतरतात आणि सर्वांत बारीक कण तर स्वतःच रक्तात शिरतात. धमनीचे आतले अस्तर दुखावले की तिची गरजेनुसार सैलावण्याची क्षमता घटते आणि एलडीएल कोलेस्टेरॉल, म्हणजे धमन्यांत साचणारी रक्तातली चरबी, भिंतीत अडकू लागते.

मुले वजनाच्या मानाने मोठ्या माणसांपेक्षा जास्त हवा आत घेतात, शिवाय खेळताना तोंडाने श्वास घेतात. बाबागाडीतल्या बाळाचे नाक तर जवळजवळ मोटारीच्या सायलेन्सरच्या उंचीवर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली. जगातील बहुतेक मुले याहून कितीतरी खराब हवेत वाढत आहेत, आणि ती हवा त्यांनी निवडलेली नाही.

आनुवंशिकतेचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल. एलडीएल रक्तातून उचलणाऱ्या ग्राहीच्या, म्हणजे पेशीवर बसलेल्या प्रथिनाच्या, जनुकात दोष असला की जन्मापासूनच त्याची पातळी चढी राहते. साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकाला हा दोष असतो. या ग्राहीचा शोध लावणाऱ्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. बहुतेकांच्या बाबतीत मात्र असे एकच जनुक नसते. अनेक जनुकांचे लहान लहान परिणाम साठत जातात. जीएसटीएम१ हे जनुक विषारी द्रव्ये निकामी करायला मदत करते. अनेक समाजांत सुमारे निम्म्या लोकांमध्ये ते नसतेच. हवा तीच, पण एकाचे शरीर धूर निस्तरते, दुसऱ्याचे कमी पडते.

प्रदूषित हवा आणि आनुवंशिकता यांची गाठ पडते ती मिथिलीकरणात. डीएनएची अक्षरे तीच राहतात, पण त्यांवर चिकटलेले मिथिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, एखादे जनुक मंद करतात किंवा गप्प बसवतात. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरातल्या सहा ते आठ वर्षांच्या मुलांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रदूषणाच्या संपर्काशी रोगप्रतिकार नियंत्रित करणाऱ्या जनुकांचे मिथिलीकरण, रक्तपेशींतील बदल आणि वाढलेला रक्तदाब यांचा संबंध त्यात दिसला. असा संबंध म्हणजे थेट कार्यकारणाचा पुरावा नव्हे. वर्दळीच्या रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या वाट्याला बरेचदा गोंगाट आणि गरिबीही येते. पण बेल्जियमच्या संशोधकांना २०१९ मध्ये काजळीचे कण वारेच्या, म्हणजे गर्भाला पोसणाऱ्या अवयवाच्या, गर्भाकडील बाजूलाही सापडले, तेव्हा संपर्काची सुरुवात पहिल्या श्वासाच्याही आधी होते हे उघड झाले.

धमनीतला बदल वेदनेशिवाय पाहता येतो. मुलाच्या मानेवर थंड जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब ठेवतात. पडद्यावर दोन उजळ रेघांमध्ये एक काळसर पट्टी दिसते. या रेघांमधले अंतर, म्हणजे मानेतल्या धमनीच्या भिंतीच्या आतल्या थरांची जाडी, मुलांत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. ती वाढली म्हणजे मूल आजारी असे नाही, पण धोका वाढल्याची ती खूण असते. कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल असल्यास आठ ते दहाव्या वर्षापासून स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू करता येते. मग आईवडील आणि भावंडे यांचीही तपासणी होते, आणि कित्येकदा मुलाच्या अहवालामुळेच आई किंवा वडिलांना स्वतःचा विकार पहिल्यांदा कळतो.