क्राउडी आणि कॅबॉक: ओट्सच्या कण्या दिसल्या म्हणून दोन्ही एक नव्हेत

स्कॉटलंडच्या चीजबद्दल वाचायला गेलं की एक घोळ हमखास भेटतो: ‘ओट्समध्ये घोळवलेलं मऊ हायलंड चीज, म्हणजे क्राउडी किंवा कॅबॉक’. त्यातलं ‘किंवा’ साफ चुकीचं आहे. एकाच्या जागी दुसरं वापरलं की पदार्थ बिघडतो, आणि वर खापर चीजवर फुटतं.

क्राउडीवर फार वेळ घालवायला नको. श्रीखंडासाठी घरी चक्का बांधला असेल, तर निम्मी क्राउडी तुम्हाला येतेच. साय काढलेलं दोन लिटर दूध कोमट करा, त्यात चार मोठे चमचे ताजं ताक घाला आणि उबेला ठेवा. दिवसभरात ते दह्यासारखं लागतं. चक्क्यापेक्षा वेगळं काय, तर बांधण्याआधी हे दही मंद आचेवर जरा गरम करायचं. बोट बुडवून आरामात धरता येईल इतपतच, ३८ अंशांच्या आसपास. कडेने निवळी सुटली की आच बंद. उकळी आणलीत तर गोळा चिवट आणि रवाळ होतो, आणि मग कुणीतरी त्याला ‘स्कॉटिश पनीर’ म्हणून मोकळं होतं. मलमलच्या फडक्यात तीन-चार तास टांगा, सपाट चमचाभर मीठ घाला, हवं तर दोन चमचे क्रीम. पांढरी, भुसभुशीत, आंबटसर क्राउडी तयार.

आता खरा फरक. हायलंडमधल्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या छोट्या शेतकऱ्यांच्या घरी दूध ठेवून दिलं की साय वर येई. ती लोण्यासाठी काढली जाई आणि खाली उरलेल्या दुधाची क्राउडी होई. कॅबॉक म्हणजे ती वरची साय. डबल क्रीम (भरपूर स्निग्धांशाचं घट्ट क्रीम) किंवा क्रीम घालून दाट केलेलं दूध आंबवून ते करतात, त्यामुळे त्यात स्निग्धांश ६७ ते ६९ टक्के असतो. लोण्यात तो ८० च्या आसपास असतो, म्हणजे कॅबॉक चक्क्यापेक्षा लोण्याला कितीतरी जवळ. क्राउडीला आकार देतात दुधातली प्रथिनं, तर कॅबॉकला गोठलेली साय. बाकीचे सगळे फरक इथूनच निघतात.

सुरी लावून बघा. क्राउडीचा चुरा पडतो. कॅबॉक सुरीला माखतं आणि त्याचा काप फिकट पिवळा दिसतो. तापवली तर क्राउडी वितळत नाही, कणीदार होते. कॅबॉकचं मात्र तूप सुटतं, म्हणून ते भाजीत, सॉसमध्ये किंवा ग्रिलखाली घालूच नये. क्राउडी थंडगार चांगली लागते. कॅबॉक खाण्याआधी वीसेक मिनिटं फ्रिजबाहेर काढून ठेवावं, नाहीतर जिभेवर नुसता मेणासारखा थर बसतो आणि चव कळतच नाही.

मग गोंधळ कुठून आला? तिसऱ्या चीजमुळे. ग्रू धू, म्हणजेच ब्लॅक क्राउडी, हे क्राउडीत डबल क्रीम मिसळून करतात आणि वरून ओट्सच्या कण्यांत व भरडलेल्या काळ्या मिऱ्यात घोळवतात. कॅबॉकलाही भाजलेल्या कण्या असतात, पण मिरं नसतं. काळे ठिपके दिसले की ते कॅबॉक नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी दुकानात फसायला होत नाही. साध्या क्राउडीला तर कण्या नसतातच.

कॅबॉकची कथा अशी सांगतात: पंधराव्या शतकात मॅकडॉनल्ड घराण्यातल्या मारिओटा द इल या मुलीला कॅम्पबेल या दुसऱ्या घराण्याची मंडळी पळवून नेतील या भीतीने आयर्लंडला धाडलं, तिथे ती हे चीज शिकली आणि पुढे कृती आईकडून लेकीकडे येत राहिली. कण्यांचं श्रेय एका गुराख्याला देतात. त्याने म्हणे ओटकेकच्या, म्हणजे ओट्सच्या बिस्किटांच्या डब्यात चीज ठेवलं होतं. विसाव्या शतकात या कुळातल्याच सुझॅना स्टोन यांनी हायलंडमधल्या टेन गावी कॅबॉक पुन्हा बाजारात आणलं. विझत चाललेली क्राउडीही त्यांनीच सावरली. दोन्ही एकाच गावातून आल्याने घोळात भरच पडली असणार.

कृती गुप्त आहे, त्यामुळे घरी हुबेहूब कॅबॉक होणार नाही. जवळपास जायचं असेल तर ४८ टक्क्यांचं डबल क्रीम ताकाने विरजून, दुहेरी फडक्यात बांधून रात्रभर फ्रिजमध्ये निथळवा आणि त्याची लांबट वळकटी वळा. आपल्याकडचं २५ टक्क्यांचं अमूल फ्रेश क्रीम इथे उपयोगाचं नाही, त्याची वळकटी उभीच राहत नाही. कण्यांसाठी स्टील कट ओट्स घ्या, तव्यावर खमंग भाजा आणि पूर्ण गार झाल्यावरच वळकटी त्यात घोळवा. गरम कण्या साय वितळवतात. चपटे ओट्स वापरणं तर मला अजिबात पटत नाही. ते ओल धरतात आणि चिवट होतात.

कॅबॉक प्राण्यांच्या रेनेटशिवाय (वासराच्या पोटातून मिळणाऱ्या, दूध गोठवणाऱ्या विकराशिवाय) होतं, त्यामुळे शाकाहाऱ्यांना चालतं. क्राउडी काही ठिकाणी थोडं रेनेट घालूनही करतात, तेव्हा लेबल वाचावं.

कॅबॉकसोबत साधा ओटकेक किंवा कोरडा टोस्ट, फार तर दोन रास्पबेरी. टोस्टला लोणी लावून वर कॅबॉक ही उधळपट्टी आहे. कण्या खरवडून टाकणाऱ्यांनी ते विकत घेऊच नये. त्या खमंगपणाशिवाय ते फार सपक लागतं. क्राउडीला स्मोक्ड सॅमन, कांद्याची पात, भरपूर मीठ, काहीही शोभतं. क्रानाहानमध्ये, म्हणजे भाजलेले ओट्स, मध, व्हिस्की आणि रास्पबेरीच्या त्या गोडात, क्राउडी घालायची तर फेटलेल्या क्रीमबरोबर निम्मी-निम्मी घाला. नुसती घातली तर आंबट होतं. कॅबॉक तिथे घालूच नका, क्रीमवर क्रीम होऊन दोन चमच्यांतच तोंड मिटतं.