प्रश्न विचारणारा हुशार का वाटतो?

१९७७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ली रॉस, टेरेसा अमाबिले आणि ज्युलिया स्टाइनमेट्झ यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्या लावून एक प्रश्नमंजूषा घेतली. कोणी प्रश्न विचारायचे आणि कोणी उत्तरं द्यायची, हे दोघांच्या डोळ्यांदेखत निव्वळ नशिबावर ठरवलं. प्रश्न विचारणाऱ्याला सूचना एवढीच, की तुला ज्यात गती आहे त्या विषयांवरचे दहा अवघड प्रश्न स्वतः काढ. ते अवघडच निघाले. उत्तरं देणाऱ्यांना दहापैकी सरासरी चारेक जमले.

मग सगळ्यांना विचारलं, की विद्यापीठातल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याच्या मानाने तुमचं सामान्यज्ञान किती, आणि जोडीदाराचं किती? शंभरपैकी गुण द्या. उत्तरं देणाऱ्यांनी स्वतःला सुमारे ४१ दिले आणि प्रश्न विचारणाऱ्याला ६७. हाच खेळ बाहेरून पाहणाऱ्यांनी प्रश्नकर्त्याला ८२ पर्यंत चढवलं आणि उत्तरं देणाऱ्याला ४९ वर ठेवलं. प्रश्न विचारणारे मात्र स्वतःला आणि समोरच्याला जवळपास सारखंच समजत होते. साहजिक आहे. आपण किती विषयांना बगल दिली, हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं.

मेख इथे आहे. ज्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, तो विषय प्रश्नकर्ता काढतच नाही. उत्तर देणाऱ्याला ही मुभा नसते. खेळाचा नियमच एकाला झाकून घेतो आणि दुसऱ्याला उघडं पाडतो. नियम सगळ्यांना माहीत होता, तरी गुण देताना कोणी तो फारसा जमेस धरला नाही. तोंडी परीक्षेतून किंवा नोकरीच्या मुलाखतीतून पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येणारी मुलं मी नेहमी पाहतो. ‘त्यांना केवढं येतं, मला काहीच येत नाही,’ असं ती म्हणतात. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात पोचलेल्या मुलांच्या मनात तर ते घर करून बसतं. टेबलाच्या दोन बाजूंमध्ये किती फरक असतो, हे त्यांना आधीच कोणी तरी समजावून सांगायला हवं, असं मला फार वाटतं.

दुसऱ्याच्या वागण्याचं कारण शोधताना त्याच्या स्वभावाला जास्त वजन द्यायचं आणि परिस्थितीला कमी, या सवयीला रॉस यांनी ‘फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर’ असं नाव दिलं. परिस्थितीत खरंच एवढा जोर असतो का? १९७३ मध्ये जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन यांनी प्रिन्स्टनमधल्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एकेक करून शेजारच्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. वाटेत एक माणूस दारात कोसळून कण्हत होता. हाताशी वेळ असलेल्यांपैकी ६३ टक्के विद्यार्थ्यांनी त्याची काही ना काही मदत केली, उशीर झालाय असं सांगून पिटाळलेल्यांपैकी फक्त १० टक्क्यांनी. निम्म्या विद्यार्थ्यांच्या भाषणाचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्याला उचलणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची येशूने सांगितलेली गोष्ट. त्याने फारसा फरक पडला नाही. त्या दाराशी उभं राहून पाहणाऱ्याने या मुलांना निर्दयच म्हटलं असतं, कारण घाई काही चेहऱ्यावर लिहिलेली नसते.

घाई दिसली असती तरी आपण ती लक्षात घेतली असती, याची खात्री नाही. डॅनियल गिल्बर्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये केलेला प्रयोग पाहा. पडद्यावर एक बाई अस्वस्थपणे बोलते आहे, आवाज बंद आहे. ती कशावर बोलते आहे, ते खाली लिहून येतं. काही प्रेक्षकांना दिसलेले विषय कोणालाही घाम फोडतील असे होते, जसं चारचौघांत झालेला अपमान. इतरांना दिसले प्रवास, फॅशन असे साधे विषय. विषयच अवघड, मग अस्वस्थ होणारच, अशी सूट पहिल्या गटाने तिला दिली. पण ज्या प्रेक्षकांवर ते विषय पाठ करायचं जास्तीचं काम टाकलं होतं, त्यांनी ही सूट दिली नाही. त्यांच्या लेखी बाई स्वभावानेच घाबरट ठरली. तिच्या अस्वस्थतेचं कारण ते त्या क्षणी घोकत होते, तरी ते वापरायला मेंदूला फुरसत नव्हती. स्वभावाचा शिक्का आपोआप बसतो. परिस्थितीचा हिशोब नंतर होतो आणि त्याला कष्ट पडतात. दिवसभर दहा कामांत गुंतलेले आपण माणसांबद्दलची किती मतं हा दुसरा टप्पा न गाठताच पक्की करत असू!

पण हे सगळे प्रयोग अमेरिकेतले. जोन मिलर यांनी शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्यांच्या बऱ्यावाईट वागण्याचे प्रसंग सांगायला लावले आणि प्रत्येक वेळी कारण विचारलं. म्हैसूरमधून आलेला एक प्रसंग असा होता. एक वकील मोटारसायकलवरून चालला आहे, मागे एक जण बसला आहे. टायर फुटतो, मागचा पडतो, डोक्याला मार लागतो. वकील त्याला दवाखान्यात पोचवतो, पण प्रकृती कितपत गंभीर आहे हे डॉक्टरांना न विचारताच कोर्टात निघून जातो. जखमी माणूस दगावतो.

हा प्रसंग ऐकून अमेरिकी माणसाने वकिलाला बेजबाबदार म्हटलं, करिअरमागे धावणारा म्हटलं. म्हैसूरच्या माणसाचं म्हणणं वेगळं होतं. अशिलासाठी कोर्टात हजर राहणं वकिलाचं कर्तव्यच होतं. शिवाय तो गोंधळला असेल. जखमीची अवस्था वरून तेवढी वाईट दिसली नसेल. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती मुलांची गोष्ट. आठ वर्षांच्या अमेरिकी आणि भारतीय मुलांच्या उत्तरांत फारसा फरक नव्हता. वय वाढत गेलं तसे अमेरिकी लोक स्वभावाकडे झुकत गेले आणि भारतीय लोक परिस्थितीकडे. म्हणजे कारण कुठे शोधायचं, हे माणूस भोवतालच्या मोठ्यांकडून शिकतो.

पण एवढ्यावरून भारतीयांनी पाठ थोपटून घेऊ नये. आधीच, १९७४ मध्ये, टेलर आणि जग्गी या संशोधकांनी दक्षिण भारतातल्या हिंदू कारकुनांकडून साध्या प्रसंगांची कारणं घेतली होती. तोच प्रसंग, माणूस कधी हिंदू, कधी मुसलमान. चांगलं वागणारा हिंदू असला की ते त्याच्या चांगल्या स्वभावामुळे आणि वाईट वागला की परिस्थितीमुळे. मुसलमानाच्या बाबतीत नेमकं उलटं. आपली समज आपण कोणासाठी राखून ठेवतो, हे यातून कळतं. ‘ते लोक असेच’ हे वाक्य कोणत्याही जातीधर्माच्या घरात सहज ऐकू येतं, आणि ते ऐकतच तिथली आठ वर्षांची मुलं मोठी होतात.

या सवयीची झळ कुठवर पोचते, ते डॅनियल लॅसिटर यांच्या कामातून दिसतं. त्यांनी एकाच पोलीस चौकशीचं चित्रीकरण वेगवेगळ्या कोनांतून दाखवलं: फक्त संशयित दिसेल असं, फक्त अधिकारी दिसेल असं, आणि दोघंही दिसतील असं. शब्द तेच. फक्त संशयित दिसत असला की पाहणाऱ्यांना कबुलीजबाब जास्त स्वखुशीचा वाटला. दबाव आणणारा माणूस चौकटीबाहेर गेला की दबावही नजरेआड होतो. पुढच्या अभ्यासात न्यायाधीश आणि पोलीसही यातून सुटले नाहीत.

न्यूझीलंडच्या पोलिसांनी हे गंभीरपणे घेतलं आणि अधिकारी व संशयित दोघंही सारखे दिसतील असा कॅमेरा बाजूने लावायचं धोरण ठेवलं. भारतात पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. तरीही २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याचा आदेश दिल्यापासून आपल्याकडे कॅमेरे किती बसले, यावर बरंच बोललं जातं. चौकशीच्या चित्रीकरणात अधिकाऱ्याचा चेहराही दिसलाच पाहिजे, यासाठीही तेवढाच आग्रह धरायला हवा.