सांगोल्याची जागा आणि शेकापच्या उमेदवाऱ्या: 1962 ते 2024

नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेचा निकाल लागला तेव्हा 288 आमदारांत शेतकरी कामगार पक्षाचा (शेकापचा) एकच होता, सांगोल्याचा. रायगडातले पक्षाचे जुने गड त्या वेळी रिकामे राहिले. सोलापूर जिल्ह्यातल्या या एका दुष्काळी तालुक्यात लहान पक्षाचा माणूस इतक्या वेळा उभा राहतो आणि बहुतेकदा निवडून येतो, ते कसे? उत्तर बऱ्याचदा ‘आबासाहेबांची’, म्हणजे इथले जुने आमदार गणपतराव देशमुखांची, ‘साधी राहणी’ एवढ्यावर आटोपले जाते. ती साधी राहणी खरीच होती, पण निवडणूक तेवढ्यावर निघत नाही.

शेकापचा जन्म 1947 चा. काँग्रेसमधून बाहेर पडलेल्या केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारख्या नेत्यांनी तो उभा केला. 1950 च्या ‘दाभाडी प्रबंध’ या धोरणपत्राने त्याला मार्क्सवादी चौकट दिली. मग गळती लागली. जेधे काँग्रेसमध्ये परतले, यशवंतराव मोहिते गेले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात बेरीज काँग्रेसची झाली आणि वजाबाकी बहुतेक शेकापच्या खात्यात पडली. तरी 1962 ला 15 आणि 1967 ला 19 आमदार होते, आणि 1962 ते 1972 अशी दहा वर्षे विरोधी पक्षनेतेपद शेकापच्या कृष्णराव धुळपांकडे होते. पुढचा उतार आकड्यांतच दिसतो: 1972 ला 7, 1978 ला 13, 1990 ला 8, 1999 ला 5, 2004 ला 2, 2014 ला 3, 2019 ला 1.

गणपतराव देशमुख 1962 मध्ये सांगोल्यातून पहिल्यांदा निवडून आले. पेशाने वकील, मूळ गाव मोहोळ तालुक्यातले पेनूर. 1967 ला पुन्हा जिंकले, 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. त्यानंतर 1978, 1980, 1985, 1990 असे सलग. 1995 ला पडले. मग 1999, 2004, 2009, 2014. म्हणजे तेरा उमेदवाऱ्या, अकरा विजय, दोन पराभव, आणि पक्ष तोच. याला ‘जागतिक विक्रम’ म्हणणाऱ्या पोस्ट अजून फिरतात. केरळात के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून तेरा वेळा आणि ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा निवडून आले, त्यामुळे तो दावा टिकत नाही. आबासाहेबांचे वेगळेपण दुसरीकडे आहे. मणी आणि चंडी सत्तेच्या आघाड्यांत मोठ्या जागी होते. गणपतराव 1978 ला शरद पवारांच्या आणि 1999 ला विलासराव देशमुखांच्या मंत्रिमंडळात होते. ते काळ वगळले तर जवळजवळ सगळी कारकीर्द विरोधी बाकांवर गेली. 1977-78 मध्ये ते विरोधी पक्षनेतेही होते.

सत्ता नसताना मतदारसंघ कशावर धरला? पश्चिम महाराष्ट्रात आमदारकीचे यंत्र साखर कारखान्याभोवती फिरते: ऊस, तोडणीची पाळी, कारखान्यातली नोकरी, संचालकपद. सांगोल्यात पाणीच नव्हते, त्यामुळे ते यंत्रही इथे तसे उभे राहिले नाही. त्या जागी दोन गोष्टी आल्या. एक, शेतकरी सहकारी सूतगिरणी. दुसरी, पाण्याची मागणी. आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदेत स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर गणपतराव वर्षानुवर्षे बसले. तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचे पाणी, ही ती मागणी. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी या भागाकडे वळले त्यामागे हा रेटा आहे. माण नदीच्या कडेने डाळिंबाच्या बागा दिसतात, त्यांतल्या शेतकऱ्याला पाण्याची ही तारीखवार गोष्ट पाठ असते. धनगर समाजाची मोठी संख्या हेही कारण आहेच, ते झाकण्यात अर्थ नाही. पण एका जातीच्या मतांवर अकरा विजय मिळत नाहीत. गावागावात मराठा घरांतही शेकापचे गट होते आणि आहेत.

यातले शिकण्यासारखे दोन निकाल पराभवाचे आहेत. 1995 ला काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी गणपतरावांना 192 मतांनी हरवले. मतदान कागदी मतपत्रिकेवर होते. शिक्का दोन चौकोनांच्या मधल्या रेषेवर पडला किंवा दोन नावांवर उमटला की मत बाद. त्या काळात एका मतदारसंघात बाद मते हजारांत जात, म्हणजे 192 हा फरक बाद मतांच्या ढिगात सहज हरवण्याइतका. अशा वेळी उमेदवाराच्या हातात एकच उपाय असतो: निकाल घोषित होण्याआधी फेरमोजणीचा लेखी, कारणांसह अर्ज. घोषणा झाली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात काही राहत नाही. पुढे 45 दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका, एवढेच. मोजणीच्या टेबलावरचा प्रतिनिधी जागा सोडून चहाला गेला की नुकसान होते ते इथे.

दुसरा निकाल 2019 चा. गणपतराव थांबले होते आणि वारसाचा प्रश्न पक्षाने उशिरा सोडवला. आधी भाऊसाहेब रुपनर यांचे नाव जाहीर झाले, कार्यकर्ते बिथरले, मग आबासाहेबांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख यांना उतरवले. राष्ट्रवादीचा पाठिंबा कागदावर होता, पण त्या पक्षाचे तालुक्यातले वजनदार नेते दीपक साळुंखे शहाजीबापूंच्या मागे गेले. निकाल: शहाजीबापू 99,464, अनिकेत 98,696. फरक 768, म्हणजे मतदान केंद्रामागे फार तर तीन-चार मते. पाच वर्षांपूर्वी हेच शहाजीबापू गणपतरावांकडून 25,224 मतांनी पडले होते. पंचवीस हजारांची आघाडी अशी विरते, आणि ती विरते मित्रपक्षाच्या दुसऱ्या फळीत. वरच्या नेत्याने पाठिंबा दिला तरी बूथवर बसणारा पोरगा कोणाचा, हे तालुक्याचा नेता ठरवतो.

आता चिन्हाचे. ‘शेकापचा खटारा’, म्हणजे बैलगाडीचे चिन्ह, ही रायगडातल्या दोन पिढ्यांची ओळख. पण राखीव चिन्ह मान्यतेवर टिकते. राज्य पक्षाची मान्यता मिळण्याच्या निकषांपैकी सोपे वाटणारे दोन: विधानसभेत 6 टक्के मते आणि 2 आमदार, किंवा एकूण जागांच्या 3 टक्के. महाराष्ट्रात हे 3 टक्के म्हणजे 9 आमदार. शेकाप दोन्हींच्या खाली गेला आणि आज तो नोंदणीकृत पण मान्यता नसलेला पक्ष आहे. याचा अर्थ अर्जाच्या टेबलावर काय होतो? मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून अर्जावर सही करणारा मतदार, पुरतो. इथे त्याच मतदारसंघातले दहा लागतात. एकाचा यादीतला अनुक्रमांक चुकला की छाननीत अर्ज लटकतो, म्हणून जाणते लोक वेगवेगळ्या सूचकांचे दोन-तीन संच भरून ठेवतात. एका उमेदवाराला चार अर्जांची मुभा असते. अनामत दोघांनाही 10,000 रुपयेच. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मते मिळाली नाहीत तर ती जप्त.

चिन्हासाठी अर्जात तीन मुक्त चिन्हे (कोणत्याही पक्षासाठी राखीव नसलेली) पसंतीक्रमाने लिहायची. वाटप माघारीची वेळ संपल्यावरच. 2024 ला माघारीचा शेवटचा दिवस 4 नोव्हेंबर, दुपारी 3 पर्यंत. मतदान 20 ला, प्रचार बंद 18 ला. म्हणजे चिन्ह हातात आल्यावर छपाई, वाटप आणि वाडीवस्तीवर ते ओळखीचे करणे या सगळ्याला उरतात चौदा दिवस. कमळ, पंजा, घड्याळवाल्यांना ही अडचण नसते. सगळ्या उमेदवारांना एकच मुक्त चिन्ह हवे असेल तर पक्षाने निवडणुकीची अधिसूचना निघण्याआधी आयोगाकडे अर्ज करायचा आणि किमान 5 टक्के जागा लढवायच्या. 288 पैकी म्हणजे 15. इतक्या जागा लढवताना लहान पक्षाचे माणूसबळ आणि पैसा जिथे जिंकायचे तिथून ओढला जातो. मतदान यंत्रावरचा क्रमही लक्षात घ्या: आधी मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पक्षांचे, शेवटी अपक्ष. त्यामुळे सांगोल्यासारख्या ठिकाणी आमदारकी सांभाळणाऱ्या पक्षाचे नावही खाली येते. प्रचारात चिन्हाइतकाच अनुक्रमांक घोकून घ्यावा लागतो.

2008 च्या पुनर्रचनेने आणखी एक काम वाढवले. संपूर्ण सांगोला तालुक्याबरोबर पंढरपूर तालुक्यातले भाळवणी महसूल मंडळही मतदारसंघात आले. तिथे सूतगिरणी नाही, शेकापची जुनी शाखा नाही. तिथली गणिते पंढरपूरची.

30 जुलै 2021 रोजी गणपतराव गेले. पुढच्या वर्षी गुवाहाटीहून आलेल्या ‘काय झाडी, काय डोंगार’ या फोनवरच्या बोलण्याने शहाजीबापू राज्यभर पोहोचले. 2024 ला त्यांच्यासमोर दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख होते आणि महाविकास आघाडीतून ठाकरे गटाच्या उमेदवारीवर दीपक साळुंखेही. आघाडीत ही जागा शेकापला सुटली नाही, म्हणून दोन मित्रपक्ष आमनेसामने. निकाल: देशमुख 1,16,256, पाटील 90,870, साळुंखे 50,962. विजय 25,386 मतांचा. याला आबासाहेबांच्या पुण्याईचा विजय म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तो तिरंगी लढतीचा जास्त वाटतो: 2019 ला एकत्र असलेले शहाजीबापू आणि साळुंखे 2024 ला वेगळे लढले, आणि दोघांची बेरीज देशमुखांच्या मतांपेक्षा पंचवीस हजारांनी जास्त भरते. अर्थात साळुंखेंनी आघाडीची म्हणून काही मते देशमुखांचीही खाल्ली असणार, त्यामुळे ही बेरीज शब्दशः घेऊ नये.

एका आमदारावर मान्यता परत येत नाही. पुढच्या विधानसभेला सांगोल्याच्या तहसील कचेरीत शेकापचा उमेदवार अर्ज भरेल तेव्हा त्याच्याबरोबर दहा सूचक लागतील आणि अर्जात तीन चिन्हे लिहावी लागतील.