साखर कारखान्याचे 'दोन टक्के': एक खुलासा

सांगली-साताऱ्यात गावच्या शाळेचं छप्पर गळलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "कारखान्याला नफ्याचे दोन टक्के सीएसआर द्यावाच लागतो." सीएसआर म्हणजे कंपनीने सामाजिक जबाबदारी म्हणून समाजासाठी करायचा खर्च. पीएच.डी.चे आराखडेही याच समजावर उभे राहतात आणि आकडे गोळा करताना कोसळतात.

सक्ती कंपनी कायदा 2013 च्या कलम 135 ची आहे, म्हणजे फक्त कंपन्यांना. सहकारी कारखाना सहसा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 खाली नोंदलेला असतो. त्याने दवाखाना बांधला तरी तो सीएसआर नव्हे. खासगी कारखाना मात्र सहसा कंपनी असतो. म्हणून अभ्यासासाठी कारखान्यांचा नमुना निवडताना आधी नोंदणी पाहा, नावावर जाऊ नका.

कंपन्यांनाही सरसकट नाही. मागील वर्षी नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरतं ते) 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी, यांपैकी एक तरी गाठलेलं हवं. दोन टक्केही एका वर्षाचे नव्हेत, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे. नफा 4, 6 आणि 8 कोटी असेल तर सरासरी 6 कोटी, खर्च 12 लाख. सर्वाधिक चुकतं ते इथं: संशोधक नफा-तोटा पत्रकातला करोत्तर नफा उचलतात, तर हिशोब याच कायद्याच्या कलम 198 नुसार, करपूर्व नफ्यावर होतो. मग कंपनीने जास्त खर्च केला किंवा टाळला, असा खोटाच निष्कर्ष निघतो.

जो खर्च फक्त कामगारांसाठी असतो तो आणि राजकीय पक्षाची देणगी सीएसआरमध्ये धरत नाहीत. आकडे संचालक मंडळाच्या अहवालाला जोडलेल्या सीएसआर परिशिष्टात मिळतात. माहितीपत्रकातल्या फोटोंवर विसंबू नये.